मंगलाष्टके किती म्हणावीत, कोणी म्हणावीत आणि मुहूर्ताचे काय करावे?

वधूचा_काका

मंडळी, पुतणीचे लग्न मार्गशीर्षात पुण्यात आहे. मुहूर्त दुपारी 12 वाजून 37 मिनिटांचा असून तो पत्रिकेवर ठळक अक्षरांत छापूनही झाला आहे. अडचण अशी की वराच्या आत्याबाईंनी, ज्या निवृत्त शिक्षिका आहेत, सात मंगलाष्टके स्वतः रचली आहेत. ही बातमी आमच्याकडे पोहोचताच वधूच्या मावशींनी नऊ रचली. वराच्या थोरल्या काकांनी संस्कृतात दोन तयार ठेवली आहेत आणि गुरुजी म्हणतात की त्यांची पाच त्यांना सोडता येणार नाहीत. परवा घरी बसून मोजले, तर चालीवर म्हटल्यास एका कडव्याला साधारण दीड मिनिट लागते. एकूण कडवी तेवीस होतात. पहिली पंगत एक वाजता बसवावी असा कार्यालयाच्या व्यवस्थापकांचा आग्रह आहे.

मला तीन गोष्टींवर मत हवे आहे. मंगलाष्टके किती असावीत, नाही कोणाला म्हणावे, आणि 12 वाजून 37 मिनिटे हे प्रकरण कितपत गांभीर्याने घ्यावे? दोन्ही घरे सुसंस्कृत आहेत, म्हणजे भांडण उघडपणे होणार नाही. भीती त्याचीच वाटते.

सुपारी

अक्षता टाकायला किती वाजता यायचे ते निश्चित कळवावे. पत्रिकेवरच्या वेळेला पोहोचण्याची चूक आम्ही सहसा करत नाही.

शार्दूल

काका, संख्येआधी वृत्ताची चौकशी करा. पारंपरिक मंगलाष्टक शार्दूलविक्रीडितात असते. ओळीत एकोणीस अक्षरे आणि बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे क्षणभर थांबा. आपल्या कानात बसलेली ती संथ, झुलती चाल या मापावरच बेतलेली आहे. हौशी कवी चाल तीच ठेवतात आणि ओळीत मात्र बावीस अक्षरे कोंबतात. मग 'कंप्युटर इंजिनिअर' हे शब्द एका श्वासात उरकावे लागतात आणि 'ती' हे एकच अक्षर पाच सेकंद ताणावे लागते. श्रोत्यांना वाटते बाईंचा आवाज बसला, प्रत्यक्षात बिघडलेला असतो गण, म्हणजे अक्षरांचा ऱ्हस्व-दीर्घ क्रम.

वृत्त सांभाळूनही नातलगांना न्याय देता येतो, फक्त मावशी आणि काकू यांना शेवटचा दीर्घ सोडावा लागतो. नमुन्यादाखल हे घ्या, हवे असल्यास वापरा:

आत्या, मावशि, काकु, थोर सगळे, जाऊ नणंदा उभ्या,
मामांचा फुलतो रुबाब अगदी, फेटा जरीचा शिरी,
पानेही पडली कधीच सगळी, वाफाळतो भातही,
आता आवर लेखणी, मग म्हणू, कुर्यात् सदा मंगलम्!

सुपारी

तिसऱ्या ओळीसाठी कवींना माझ्यातर्फे शाल आणि श्रीफळ.

करवली_कायमची

हा विषय काढल्याबद्दल काकांचे आभार. आमच्या घराण्यात मुली कमी आणि लग्ने अनेक, त्यामुळे वयाच्या सातव्या वर्षापासून नवरीच्या मागे करा आणि दिवा घेऊन उभी राहण्याचे काम माझ्याकडे आहे. लोकांचे लक्ष गाणाऱ्यांकडे असते, छायाचित्रकाराचे नवरीकडे असते आणि मामांचे घड्याळाकडे असते. पाण्याने भरलेला करा, त्यावर नारळ, अंगावर नेसवलेले नऊवार आणि समोरून वऱ्हाडाने नेम धरून फेकलेल्या अक्षता, यांपैकी दिव्याची वात किती अक्षतांनी विझते याचा विचार कोणीही करत नाही. मागे एका लग्नात वराच्या काकूंनी 'आता सर्वांच्या आग्रहास्तव' असे म्हणून आणखी दोन कडवी घेतली. आग्रह कोणी केला हे मी मागे वळून पाहिले, तर त्यांचे यजमानही मान खाली घालून उभे होते.

माझे मत असे की गाणाऱ्या प्रत्येक व्यक्तीच्या हाती गाताना भरलेला करा द्यावा. संख्या आपोआप आटोक्यात येईल.

अमरावतीकर

पुण्याच्या लोकांचे दुःख तेवीस कडव्यांचे आहे, हे वाचून मौज वाटली. आमच्या भागात लग्ने बहुधा सायंकाळची, गोरज मुहूर्तावर. पत्रिकेवर साडेसहा असते. साडेसहाला नवरदेव मारुतीच्या देवळाजवळ असतो आणि त्याच्यापुढे मित्रमंडळ नाचत असते. हे अंतर कधी दोनशे पावलांचेही नसते, पण ते कापायला दीड-दोन तास लागतात. कारण प्रत्येक चौकात कोणीतरी 'शेवटचे एक' म्हणून पुन्हा वाद्ये सुरू करायला लावतो. गायी केव्हाच गोठ्यात जाऊन रवंथ करून झोपलेल्या असतात.

मंडपात आल्यावर ध्वनिक्षेपक मंगलाष्टकांसाठी नाहीच. आधी मान्यवरांची नावे, मग आमदार-खासदारांचे प्रतिनिधी, मग पतसंस्थेचे संचालक, मग त्यांचे शुभाशीर्वाद आणि मधेच पांढरी चारचाकी फाटकासमोरून काढावी ही विनंती. एका लग्नात 'शुभमंगल सावधान'च्या नेमके आधी गाडीचा क्रमांक पुकारला गेला आणि नवरदेवच अस्वस्थ झाला. गाडी त्याच्या मेहुण्याने लावली होती.

पंचांगवाला

मुहूर्ताच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो. पूर्वी घटिकापात्र असे. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात सोडायची, ती भरून बुडली की एक घटिका, म्हणजे 24 मिनिटे. दिवसभरात अशा साठ घटिका. मंगलाष्टके म्हणत राहायचे आणि घटिका भरता भरता अंतरपाट दूर करायचा, असा मूळचा क्रम होता. म्हणजे मंगलाष्टके मुहूर्तावर सुरू करायची नसून मुहूर्तावर संपवायची असतात. हल्ली सगळे उलटे झाले आहे. 12 वाजून 37 मिनिटांनी कोणीतरी ध्वनिक्षेपकावर टिचकी मारून 'हॅलो, हॅलो' म्हणते.

आता सवलत किती, ते पाहा. क्षितिजावर एक राशी उगवायला सरासरी दोन तास लागतात. तिचे नऊ भाग केले की एक नवमांश साधारण 13 मिनिटे 20 सेकंदांचा येतो. शुभ नवमांश साधणारे गुरुजी याच मर्यादेत काम उरकतात. दीड मिनिटाच्या हिशेबाने आत्याबाईंची सात कडवी साडेदहा मिनिटांत होतात, म्हणजे एका नवमांशात आरामात बसतात. मावशींची नऊ साडेतेरा मिनिटे घेतात. त्यांना दहा सेकंद उशीर होतो.

वधूचा_काका

पंचांगवाले, हे गणित मावशींना दाखवले. त्या म्हणाल्या की त्या जरा जलद म्हणतील.

आजीची_वही

वरचे प्रतिसाद वाचून हसले, पण थोडी वेगळी बाजूही मांडते. माझ्या आजीला शाळा चौथीपर्यंत. तिने प्रत्येक नातवंडाच्या लग्नासाठी मंगलाष्टके रचली आणि ती शाईच्या पेनाने एका लांबट वहीत उतरवून ठेवली. वृत्त सगळीकडे बरोबर नाही. शार्दूल यांना तिथे लाल पेन घेऊन बसता येईल. पण कोणाचे आजोबा कोणत्या गावाहून आले, कोणाच्या बारशाला पूर आला होता, कोणत्या सुनेने दिवाळीतले अनारसे जमवून दाखवले, हे सगळे त्या कडव्यांत आहे. आमच्या घराण्याचा इतिहास दुसरीकडे कुठेही लिहिलेला नाही. बाईमाणसाला भर मांडवात, पुरुषमंडळींना उभे ठेवून, स्वतःची रचना पूर्ण ऐकवता येते अशा जागा तिच्या काळात फारशा नव्हत्या. त्यामुळे 'आटोपते घ्या' असे म्हणणाऱ्यांनी त्या वेळेचा हिशेब व्याख्याने, सत्कार आणि छायाचित्रे यांच्याकडूनही घ्यावा. वधूवरांना हार पुन्हा घालायला लावून चित्रण करणाऱ्यांना कोणी नवमांश विचारत नाही.

शार्दूल

आजींच्या वहीला लाल पेन लावण्याचे धाडस माझ्यात नाही. माझी हरकत वेगळ्या गोष्टीला आहे. आजींनी स्वतः रचले. हल्ली अनेक ठिकाणी एकच तयार मजकूर फिरतो आणि त्यात रिकाम्या जागी नावे भरतात. गेल्या हंगामात एका लग्नात 'कुलदीपक हा सुपुत्र' म्हणून ज्याचा गौरव झाला तो आदल्या महिन्यात लग्न झालेला दुसराच मुलगा होता. नवरीने अंतरपाटाखालून पाय पाहून खात्री करून घेतली असावी.

अंतरपाटामागून

शार्दूल यांनी पायांचा विषय काढला म्हणून लिहिते. आमचे लग्न 1984 सालचे. दाखवण्याच्या कार्यक्रमात मी पोहे दिले, यांनी 'शिक्षण कुठे झाले' एवढे विचारले आणि मी सांगितले ते उत्तर त्यांच्या वडिलांनी पुन्हा मोठ्याने सांगितले. त्यानंतर साखरपुड्यात दोघांच्या मध्ये सहा जण बसलेले. त्यामुळे लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला तेव्हा या गृहस्थांबद्दल मला असलेली माहिती पत्रिकेवर छापलेल्या माहितीपेक्षा जास्त नव्हती.

मंगलाष्टके लांबली. आमच्याकडच्या एका वकील काकांनी इंग्रजी मिश्रित दोन कडवी घेतली. खाली मान घालून उभे राहायचे असल्याने नजर समोरच्या पाटावर गेली. अंतरपाटाच्या काठाखाली पितांबराचे टोक आणि दोन पाय दिसत होते. उजव्या पायाच्या करंगळीजवळ पट्टी बांधलेली होती, नवीन चप्पल चावली असावी. प्रत्येक 'सावधान'ला तो पाय पाटावरून किंचित उचलला जाई आणि डाव्या पायावर भार दिला जाई. मला हसू आवरेना. मागून मामांनी चिमटा काढला. तेवढ्यात पलीकडून हळू आवाजात प्रश्न आला, "अजून किती आहेत?" मी म्हटले, "तीन." पलीकडून उत्तर आले, "मग बसूया का?" या माणसाशी आपले जमेल हे मला तिथे कळले. वकील काकांची इंग्रजी कडवी नसती तर ते कळायला आणखी काही महिने लागले असते.

सुपारी

पट्टी बांधलेल्या पायाचा उल्लेख असलेले कडवे शार्दूल यांनी तातडीने रचावे.

कलम_सात

व्यवसायाने वकील असल्यामुळे (आणि माझ्या पुतणीच्या लग्नात इंग्रजी कडवी म्हटली नसल्यामुळे) एक मुद्दा मांडतो. हिंदू विवाह कायदा 1955 च्या सातव्या कलमाप्रमाणे, जिथे विधींत सप्तपदीचा समावेश आहे तिथे वधूवरांनी अग्नीसमोर सातवे पाऊल टाकताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. 2024 साली सर्वोच्च न्यायालयानेही विधींचे महत्त्व पुन्हा सांगितले आहे, नुसता नोंदणीचा कागद पुरेसा नाही म्हणून. कायद्याच्या नजरेने पाहिले तर 12 वाजून 37 मिनिटांनी काहीही घडत नाही. लग्न लागते ते बहुधा दीड-दोनच्या सुमारास, वऱ्हाडी मंडळी मठ्ठ्याची दुसरी वाटी मागत असताना, पाचपंचवीस जणांच्या साक्षीने.

सात पावले संपेपर्यंत नवरा कायदेशीररीत्या परत फिरू शकतो. रामदासस्वामींनी पहिल्याच 'सावधान'ला धाव घेतली अशी कथा सांगतात. त्यांना घाई करायचे कारण नव्हते.

मांडवीकाठी

वकीलसाहेब, तुमचे हे विवेचन गोव्यात चालणार नाही. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनची नागरी नोंदणीची पद्धत आहे. वधूवरांनी निबंधकाच्या कार्यालयात जाऊन आधी इराद्याची सही करायची, मग ठरलेली मुदत गेल्यावर आक्षेप नसल्यास दुसरी सही करायची. दुसऱ्या सहीबरोबर कायद्याने लग्न झाले. त्यानंतर देवळातला किंवा सभागृहातला विधी कधी महिन्याभराने तर कधी अधिक उशिरा होतो. तोपर्यंत सरकारदरबारी नवराबायको आणि घरच्यांच्या लेखी दोघे परके. आमच्या बाबतीत त्या मधल्या काळात सासूबाईंनी मला अंगणापलीकडे येऊ दिले नव्हते. चहासुद्धा सोप्यावर. मी बँकेच्या खात्यात पत्नीचे नाव वारस म्हणून लावले होते आणि तिला भेटायला तिच्या धाकट्या भावाची सोबत लागत होती.

लग्नाचा वाढदिवस कोणता धरावा हा वाद अजून मिटलेला नाही. व्यवहारात दोन्ही दिवशी भेटवस्तू द्यावी लागते.

जर्सीकर

न्यू जर्सीतील मराठी लग्नांत मुहूर्तापेक्षा सभागृहाचे भाडे प्रभावी ठरते. एक मिनिट जास्त झाले की पुढच्या पूर्ण तासाचे पैसे, हे ऐकल्यावर भल्याभल्यांची काव्यप्रतिभा आवरली जाते. मुहूर्तासाठी मात्र सावध राहा. आमच्या एका परिचितांनी सोलापूरच्या नातेवाइकांना मुहूर्त काढायला सांगितला आणि त्यांनी तिथल्या वेळेप्रमाणे सकाळी 11 चा काढून पाठवला. वेळेतला फरक वजा करून पाहिला तर इकडे मध्यरात्रीनंतरचा दीड येत होता. शेवटी इथल्या अक्षांश-रेखांशावरून नव्याने काढून घेतला. काही सभागृहांत तांदूळ टाकायला मनाई असते, त्यामुळे अक्षता म्हणून गुलाबाच्या पाकळ्या वाटल्या. पाकळ्या पुढे जातच नाहीत. पाठीमागच्या रांगेतल्यांनी टाकलेल्या साऱ्या पाकळ्या मधल्या रांगेतल्या माझ्या टकलावर विसावल्या.

पेन_ड्राइव्ह

गायकच नकोत असे ठरवून आम्ही ध्वनिमुद्रित मंगलाष्टके भ्रमणध्वनीवरून लावली होती. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी 'शुभमंगल सा...' इथे आवाज थांबला आणि केस गळणे थांबवणाऱ्या तेलाची जाहिरात सुरू झाली. वराचे केस आधीच विरळ होते. वऱ्हाडाने सवयीने अक्षता टाकल्या. यापुढे आत्याबाईच बऱ्या, असे आमच्याकडे एकमताने ठरले आहे.

उभा_मांडव

इतक्या चर्चेत एक उल्लेख राहून गेला. महात्मा फुले यांनी 1873 साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुरोहिताविना लग्ने लावायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी मंगलाष्टकेही स्वतः लिहिली. त्यांत वधू आणि वर एकमेकांना उद्देशून बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल वराकडून शपथ मागते आणि वर ती देतो. माझ्या चुलतबहिणीचे लग्न याच पद्धतीने झाले. नातलगांची कडवी नाहीत, पदव्यांची यादी नाही, ज्यांचे लग्न आहे तेच बोलतात. बोलताना नवरदेव अडखळला तेव्हा तिने त्याची ओळ पुढे सांगितली. सासरच्या एका ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "हे बरे झाले, पुढची सवय आत्तापासून लागली."

आजीची_वही

उभा_मांडव, हे मनापासून आवडले. काका, तुमच्या पुतणीला आणि होणाऱ्या जावयांना कोणी विचारले आहे का? इथे आत्याबाई, मावशी, थोरले काका, गुरुजी आणि व्यवस्थापक या सर्वांची मते आली आहेत.

वधूचा_काका

आजीची_वही यांचा प्रश्न वाचून पुतणीला विचारले. तिचे म्हणणे असे की तिला आत्याबाईंचे 'उगवली शुक्राची चांदणी' हे पहिले कडवे आणि मावशींचे तिच्या बालपणीच्या पडलेल्या दातांवरचे कडवे, ही दोन मांडवात हवी आहेत. बाकीचे तिने ऐकलेले नाही आणि ऐकण्याची घाईही नाही.

त्यावर घरात बैठक झाली. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनानंतर दोन्ही बाजूंच्या कवयित्रींना पूर्ण वेळ द्यायचा, तेव्हा मुहूर्त नाही आणि पंगतही नाही. आत्याबाईंनी सात म्हणावीत, मावशींनी नऊ म्हणावीत. मांडवात प्रत्येकी दोन, ती 12 वाजून 24 मिनिटांना सुरू करायची, मग गुरुजींची पाच आणि 37 व्या मिनिटाला अंतरपाट दूर. चार आणि पाच नऊ, साडेतेरा मिनिटे. ते जादा अर्धे मिनिट भरून काढायला मावशी जलद म्हणणार आहेत. आधी कोण म्हणणार, यावर मात्र अजून एकमत नाही. दोघीही अत्यंत नम्रपणे 'आधी तुम्ही' म्हणत आहेत, कारण शेवटी म्हणणारीचे लोकांच्या लक्षात राहते हे दोघींनाही ठाऊक आहे.

करवली_कायमची

नऊ कडवी म्हणजे करा अर्धाच भरावा, ही नम्र सूचना.

पंचांगवाला

12 वाजून 24 ऐवजी 22 ला सुरू करा. 'हॅलो, हॅलो'साठी दोन मिनिटे धरलेली नाहीत.

शार्दूल

थोरल्या काकांच्या संस्कृत कडव्यांचे काय झाले? ती एकदा पाहायला मिळाली तर बरे.

वधूचा_काका

ती सुंदर कागदावर छापून पंगतीत प्रत्येक ताटाशेजारी ठेवायची असे ठरले आहे. काका प्रसन्न आहेत. आपली रचना छापील स्वरूपात येते, इतरांची नाही, असे त्यांनी वराच्या आत्याबाईंना सांगूनही टाकले.

सुपारी

ताटाशेजारी कागद ठेवणार असाल तर पंगत उठेपर्यंत त्यावर जिलबी ठेवली जाईल, याची काकांना आधी कल्पना देऊन ठेवावी.